‘कसं केलंस?’ विचारलं की हात खोडरबराकडे का जातो?

वर्गात फिरताना एखाद्या वहीपाशी मी थांबते आणि सहज विचारते, "हे कसं केलंस?" मुलगा मान वर करत नाही. त्याचा हात आधी खोडरबराकडे जातो. उत्तर बरोबर असतं, रीतही बरोबर असते, तरी तो खोडायला लागतो.

नाशिकमध्ये पाचवी ते आठवीला गणित शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याकडे "कसं केलंस?" हा प्रश्न गणित चुकल्यावरच विचारतात. उत्तर बरोबर आलं की "छान, पुढचं घे." मुलं हुशार असतात. चार-पाच वर्षांत त्यांना पक्कं कळतं की बाईंनी ‘कसं’ विचारलं म्हणजे काहीतरी बिनसलंय. तो त्यांना प्रश्न वाटतच नाही, निकाल वाटतो. त्यात हात वर करणं म्हणजे अक्षरशः हात दाखवून अवलक्षण.

मुलांनी गणिताचा विचार मोठ्याने बोलून दाखवावा, असं हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण त्याचा अर्थ काय, त्याने होतं काय आणि साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासात ते करायचं कसं, हे सांगायच्या आत चहा येतो. म्हणून इथे जरा बैजवार लिहिते.

एक साधी वजाबाकी घेऊ. ५२ − २७. पहिली मुलगी उभी राहून सांगते, "दोनातून सात जात नाहीत म्हणून एक उसना घेतला, बारातून सात गेले पाच उरले, चारातून दोन गेले दोन उरले, उत्तर पंचवीस." अगदी घडाघडा. मी विचारते, "एक उसना घेतला ना? मग दोन आणि एक तीन व्हायला हवेत. बारा कसे झाले?" आता ती गप्प. जे सांगितलं तो विचार नव्हता, पाठांतर होतं. रीत आणि विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली परीक्षा पायऱ्यांचे गुण देते तेव्हा ती रीत तपासते. विचार तपासायचा तर ‘तो उसना एक म्हणजे एक दशक, म्हणजे दहा’ हे मुलीच्या तोंडून यायला हवं.

दुसरा मुलगा म्हणतो, "सत्तावीसपासून तीसपर्यंत तीन, तीसपासून पन्नासपर्यंत वीस, आणि वर दोन. तीन, वीस, दोन... पंचवीस." त्याने उसनं काही घेतलंच नाही. तो सत्तावीसपासून चालत बावन्नला पोचला. तिसरी म्हणते, "मी तीस काढले, बावीस राहिले. तीन जास्त गेले होते, ते परत दिले." ‘परत दिले’ हे तिचे शब्द. पुस्तकात हे कुठेही नाही, पण याहून नेमकं सांगणं मला जमलं नसतं.

चौथ्याचं उत्तर ३५. इथे बहुतेक जण "चूक, बस खाली" म्हणतात आणि तिथेच सगळं हातचं जातं. मी त्याला बोलू दिलं. "पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच." मी विचारलं, "पण सात खाली आहेत ना?" "हो, पण मोठ्यातून लहान काढायचं असतं." हा नियम त्याला दिला कोणी? आम्हीच. पहिली-दुसरीत वजाबाकी शिकवताना "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" असं आम्ही बजावून सांगतो. मुलाने ते मनापासून पाळलं, फक्त अख्ख्या संख्येऐवजी प्रत्येक स्थानाला लावलं. त्याची वही शंभर वेळा लाल केली असती तरी हे मला दिसलं नसतं. तो तीन वाक्यं बोलला म्हणून दिसलं.

चुकलेलं उत्तर निदान लाल शाईने पकडलं तरी जातं. खरी फसवणूक बरोबर उत्तरांत असते. वर्गाला विचारा, ०.४५ मोठं की ०.३? जवळजवळ सगळे म्हणतील ०.४५. शाबास. आता कारण विचारा. बरीच मुलं सांगतील, "पंचेचाळीस तीनपेक्षा मोठे म्हणून." मग ०.२५ आणि ०.३ विचारा. तीच मुलं तितक्याच विश्वासाने ०.२५ मोठं म्हणतील. पहिलं उत्तर बरोबर होतं ते योगायोगाने. यात आपल्या बोलण्याचाही वाटा आहे. आपण ‘पॉइंट पंचेचाळीस’, ‘पॉइंट तीन’ असं वाचतो आणि कानाला पंचेचाळीस नि तीनच ऐकू येतात. ‘पंचेचाळीस शतांश’ आणि ‘तीन दशांश’ असं वाचलं की मूल स्वतःच अडखळतं, "थांबा, तीन दशांश म्हणजे किती शतांश?" हे अडखळणंच हवं असतं. तशीच ३/४ आणि २/३ यांची गोष्ट. ३/४ मोठा, बरोबर. कारण? "तीन आणि चार, दोन आणि तीनपेक्षा मोठे आहेत." आणि १६/६४ मध्ये वरचा सहा आणि खालचा सहा खोडून १/४ आणणारा एखादा महाभाग प्रत्येक पिढीत निघतोच. उत्तर अगदी बरोबर!

या बाबतीत एक जुनी हकीगत मला फार महत्त्वाची वाटते. स्टॅन्ली एर्लवॅन्गर या संशोधकाने १९७३ साली अमेरिकेतल्या सहावीतल्या एका मुलाबद्दल लिहिलं. लेखात त्याचं नाव बेनी. त्याच्या शाळेत मुलांनी आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, चाचणी द्यायची, ८० टक्के पडले की पुढची पुस्तिका, अशी पद्धत होती. बेनी गणितात पुढे असलेल्यांपैकी समजला जायचा. एर्लवॅन्गरने त्याच्याशी बसून नुसत्या गप्पा मारल्या, तेव्हा कळलं की बेनीचं स्वतःचं वेगळंच गणित आहे. २/१० दशांशात लिहायचं तर तो दोन आणि दहा मिळवून बारा करायचा आणि मध्ये टिंब द्यायचा, १.२. त्याच नियमाने ४/११ म्हणजे १.५ आणि ११/४ म्हणजेही १.५. दोन्ही सारखेच कसे, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण त्याच्या लेखी गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले नियम, आणि उत्तरसूचीतलं उत्तर वेगळं दिसलं तर ते त्याच उत्तराचं दुसरं रूप असणार. इतक्या चाचण्या होऊन कुणाला पत्ता नव्हता. कुणी त्याला बोलतंच केलं नव्हतं.

हा झाला शिक्षकाचा फायदा. मुलाचा फायदा निराळा आहे.

डोक्यात विचार सलग नसतो. तो तुकड्यातुकड्यांत, उड्या मारत चालतो. मधल्या फटी आपण न बघता ओलांडतो, कारण आपल्याला ‘कळलंय’ असं वाटत असतं. तेच दुसऱ्याला सांगायला लागलो की एकामागून एक शब्द ठेवावे लागतात, ‘म्हणून’ आणि ‘कारण’ वापरावं लागतं, आणि नेमक्या त्या ‘कारण’पाशी जीभ अडते. ती फट असते. घरी भाजीची कृती फोनवर सांगताना आपलंही असंच होतं. रोज हाताने नीट घालतो ते मीठ कधी घालायचं, हे सांगताना आठवावं लागतं.

मिशेलिन ची या संशोधिकेने १९९४ साली सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय गणित नव्हता, माणसाच्या शरीरातलं रक्ताभिसरण होता. आठवीतल्या काही मुलांना एकेक वाक्य वाचून ‘मला यातून काय समजलं’ हे बोलायला सांगितलं, बाकीच्यांना तोच मजकूर दोनदा वाचायला दिला. बोलणाऱ्यांना विषय जास्त नीट समजला, आणि ज्यांनी जास्त बोलून उलगडलं त्यांना आणखी नीट. कुणी त्यांना दुरुस्त केलं नव्हतं, उत्तरं पुरवली नव्हती. नुसतं स्वतःला समजावून सांगणंही उपयोगी पडलं. आपण घराघरांत ‘मोठ्याने वाच’ म्हणतो. ‘मोठ्याने समजावून सांग’ म्हटलं तर फरक पडेल.

आता आपल्या भाषेकडे येते, कारण मराठीत आकड्यांबद्दल बोलणं हे एक प्रकरणच आहे. आपण ५२ लिहितो तेव्हा पाच आधी, म्हणतो तेव्हा दोन आधी: बा-वन्न. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, लिहायचं मात्र पाच आणि नऊ. त्यातही नव्व्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणत नाही, ही आणखी एक गंमत. चिमुरडं मूल ‘बावन्न’ ऐकून २५ लिहितं, तेव्हा ते चुकत नसतं, ऐकलेल्या क्रमाने लिहीत असतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. मराठी मारली, जोडाक्षरं घाबरवतात म्हणून पळ काढला, आणि विनोदांचा तर पाऊस. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, समजायला सोपं जावं म्हणून नवी जोडली आहेत. भाषेच्या बाजूने माझं मन एकोणसाठकडेच ओढतं, ते कबूल करते. पण वर्गात एखादं मूल "पन्नास आणि दोन" म्हणत हिशेब करत असेल तर मी त्याला "बावन्न म्हण" असं मध्येच टोकत नाही. ते त्या क्षणी संख्या उघडून बघत असतं.

याच मराठीत अपूर्णांकांची श्रीमंतीही आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. आमच्या आजीच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात बसते. तिला मी फळ्यावर ३/४ × ८० दिलं, तर ती छेद-अंश करत हरवली. मग विचारलं, "द्राक्षं ऐंशी रुपये किलो, पाऊण किलोचे किती?" डोळे मिटायच्या आत उत्तर: "अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस, साठ." मी म्हटलं, हेच तर विचारलं होतं. ती म्हणाली, "नाही मॅडम, ते गणित होतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांना हेच आढळलं होतं. त्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर विक्री करणारी ९ ते १५ वयाची पाच मुलं. गाडीवर गिऱ्हाईक होऊन विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, तेच आकडे कागदावर नुसत्या आकडेमोडीत दिले तर ३७ टक्के. एका मुलाला विचारलं, पस्तीसला एक नारळ, तर दहा नारळ कितीला? तो म्हणाला, तीन म्हणजे एकशे पाच, आणखी तीन, दोनशे दहा, अजून चार हवेत... तीनशे पंधरा... साडेतीनशे. दहाने गुणताना शून्य जोडायचं, हे त्याच्या कामाचं नव्हतं. गिऱ्हाइकं तीन-तीन नारळ मागत असणार, म्हणून त्याला तीनाचा भाव पाठ होता. २०२५ साली ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल असंच लिहिलं आहे. बाजारात झरझर हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडत होती, आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात. दोन गणितं एकाच डोक्यात, मध्ये भिंत. बोलतं केल्याशिवाय त्या भिंतीला दार पडत नाही. त्या मुलीला मी "अर्ध्याचे चाळीस" हे तिचं वाक्य फळ्यावर लिहायला लावलं आणि त्याच्या शेजारी १/२ × ८०. बाकीचं तिने केलं.

भाषेचं आणखी एक. नाशिक जिल्हा एका बोलीचा नाही. मालेगाव-सटाण्याकडून आलेलं मूल घरी अहिराणी बोलतं, पेठ-सुरगाण्याकडचं कोकणी (किनाऱ्यावरची नव्हे, तिथल्या कोकणा आदिवासींची), सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी-भोजपुरीही असते. त्यात आता सेमी इंग्रजी, म्हणजे गणित इंग्रजीतून. विचार एका भाषेत, पुस्तक दुसऱ्या, आणि बाई तिसरीत बोलतात! अशा मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हटलं की तो विचारच बंद करतो. "खालचा डिनॉमिनेटर मोठा झाला ना, तर तुकडा बारका व्हतो" हे वाक्य मला पूर्ण चालतं. ‘छेद वाढल्यास अपूर्णांकाची किंमत कमी होते’ हे नंतर आपोआप येईल, आलं नाही तर शिकवता येईल. बारका तुकडा एकदा दिसला पाहिजे. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने चिंचोके मांडून, रेघ ओढून, बोटाने दाखवून सांगावं. तेही सांगणंच आहे.

करायचं कसं, हे आता.

सगळ्यात आधी, ‘कसं केलंस’ हे बरोबर उत्तरालाही विचारायचं, आणि चेहरा तसाच ठेवून. सुरुवातीला मुलं हमखास उत्तर बदलतात. बदलू द्यावं. पंधरा-वीस दिवसांत त्यांना कळतं की बाई सगळ्यांनाच विचारतात, मग प्रश्नातलं विष उतरतं. तरी ‘कसं’ हा शब्द कधीकधी फार मोठा पडतो, मूल कुठून सुरू करावं तेच न कळून गप्प बसतं. तेव्हा बारीक प्रश्न विचारावा. "आधी कुठल्या आकड्याकडे बघितलंस?" "इथे अठरा आले ते कुठून आले?" "हे तुझ्या शेजारणीला पटेल का?" मीही फळ्यावर दोन उत्तरं लिहून ठेवते आणि कुठलं बरोबर ते सांगत नाही. उत्तर आधी सांगून टाकलं की कोण कशाला बोलेल?

मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड, आणि शिक्षकालाच अवघड. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आली, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. मुलाचं बोलून झाल्यावरही तसंच थांबायचं, कारण पुष्कळदा खरं कारण त्या दुसऱ्या वाक्यात येतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, वर्गासमोर उभं राहून बघा! मी मनात सावकाश ‘रामकुंड, सीतागुंफा, काळाराम’ म्हणते. पंचवटीचा एवढा फेरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा माझा नेम आहे. तो रोज मोडतो, पण आहे.

मूल बोलल्यावर बाईंनी तेच सफाईदार मराठीत पुन्हा सांगायची एक खोड असते. "म्हणजे तिला असं म्हणायचंय की..." आणि मग जे बाईंच्या मनात होतं ते. मुलीचा विचार गेला, बाईंचा राहिला. पुन्हा सांगायचंच तर तिच्याच शब्दांत सांगून विचारावं, "असंच म्हणालीस ना?" आणि ‘नाही’ म्हणायची तिला मुभा हवी. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या मुलाला सांगावं, "ती काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग." पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर्गात कुणालाच सांगता येईना. इतकी वर्षं मुलांनी मुलांचं ऐकलेलंच नव्हतं. ऐकायचं ते फक्त बाईंचं, हेही आम्हीच शिकवलेलं.

लाजऱ्या मुलांना एकदम उभं करू नये. आधी बाकावरच्या बाकावर, शेजाऱ्याला दोन मिनिटं सांग. त्या दोन मिनिटांत वर्गात मासळीबाजार भरतो आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. निरोप घ्यावा, हसावं. जे मूल शेजाऱ्याला एकदा सांगून बसलंय ते मोठ्याने सांगायला कमी घाबरतं.

वेळेबद्दल सगळेच विचारतात. अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून रोज नाही. आठवड्यातून दोनदा, तासाची पहिली दहा मिनिटं, एकच उदाहरण आणि तीन-चार मुलं. महिनाभराने रजिस्टरवर बघितलं तर जवळजवळ निम्म्या वर्गाची पाळी येऊन गेलेली असते.

घरी तर यासाठी वेगळा वेळही लागत नाही. गाडी सात-पाचला आहे, आता सहा अडतीस झाले, किती वेळ उरला? उत्तर आल्यावर "कसं मोजलंस?" एवढंच. पालकांना मात्र एक विनंती: पेन्सिल हिसकावू नका. "अगं, सोपं आहे, आण इकडे" असं म्हणून आई-बाबा स्वतःच गणित सोडवतात आणि मूल कौतुकाने बघत राहतं. हात मागे बांधून बसा हवं तर.

हे सगळीकडे चालतं असं नाही. पाढे पाठच हवेत. सात नवे त्रेसष्ट हे दर वेळी समजावून सांगायला लावणं म्हणजे छळ. नवा विषय पहिल्या दिवशी शिकवल्यावर लगेच "समजावून सांग" म्हटलं तर मूल काहीतरी रचून सांगतं आणि तेच चुकीचं मनात घट्ट बसतं. अशा वेळी आधी चार सोडवलेली उदाहरणं बघू द्यावीत. आणि मुलं स्पष्टीकरणसुद्धा पाठ करतात! आमच्याकडे एका तपासणीच्या दिवशी एका मुलाने इतका सुंदर ‘मोठ्याने विचार’ करून दाखवला की पाहुणे खूश. नंतर कळलं, गाईडमधलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे. खरं सांगणारं मूल मध्ये थांबतं, मागे जातं, "नाही, थांबा" म्हणतं. पाठ केलेलं घसरगुंडीसारखं येतं.

बोलायला लावण्याजोगं गणित कुठून आणायचं, यासाठी नाशिककरांनी लांब जायची गरज नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ साली मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले.

मी वर्गात तीन अंकांपासून सुरू करते, तिथे ४९५ येतं. ८, ३, १ घ्या: ८३१ − १३८ = ६९३. पुढे ९६३ − ३६९ = ५९४, आणि ९५४ − ४५९ = ४९५. प्रत्येक मुलाची सुरुवातीची संख्या वेगळी. फळ्यावर वीस-पंचवीस उत्तरं झाली की कुणीतरी ओरडतंच, "मॅडम, मधला नेहमी नऊ!" (९९ आलं असेल तर ०९९ लिहायचं, तिथेही नऊच.) मग मी म्हणते, "का?" आणि पंचवटीचा फेरा सुरू करते.

मागच्या वर्षी याचं उत्तर त्याच मुलीने दिलं जी ‘उसना एक’पाशी गप्प झाली होती. अडखळत, फळ्यावर बोट ठेवत. "मधल्याच्या खाली तोच आकडा येतो. तीनाखाली तीन. पण वरच्या तीनाने एक दशक एककाला देऊन टाकलाय, कारण एकातून आठ जात नव्हते. म्हणजे त्याच्याकडे दोनच. दोनातून तीन जात नाहीत, एकच कमी पडतोय. मग तो शतकाकडून दहा दशक घेतो. बारातून तीन, नऊ." थांबली. "तीनाच्या जागी काहीही ठेवा. एकच कमी पडणार. म्हणून नऊच येणार." वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण निम्मा वर्ग मान खाली घालून आपापल्या संख्येवर तपासत होता.

मग आम्ही चार अंकांकडे गेलो. मागच्या बाकावरून आवाज आला की ३०८७, ८३५२, ६१७४, सगळ्यांत मधल्या दोघांची बेरीज आठ आहे. कुणीतरी मधले दोन अंक सारखे घेतले होते, ५३३२, तिथे मध्ये ९९ आलं, ते बाजूला ठेवलं. बाकी सगळीकडे आठ. नऊ का नाही? आठच का?

मी खडू उचलला आणि म्हणाले, "आता इथे शतकानेही एक..."

"मॅडम, थांबा. सांगू नका."